चिकटलेला क्लच : जुन्या चेनच्या ट्रॅक्टरचा आजार आणि त्याचे निदान

शेतात एखादे यंत्र अडून बसले की आपल्याकडे त्याचे कारण दोन शब्दांत सांगितले जाते, "क्लच गेला." हे दोन शब्द ऐकून मिस्त्रीला काहीच कळत नाही. दांडा ओढता येत नाही, तेव्हाही क्लच गेलेला असतो. दांडा ओढला जातो पण यंत्र जुमानत नाही, तेव्हाही क्लच गेलेला असतो. इंजिन घुमते आहे आणि यंत्र मात्र जागचे हलत नाही, तेव्हाही तोच गेलेला असतो. वास्तविक हे तीन निरनिराळे आजार आहेत. पहिला दांड्याचा व सांध्यांचा, दुसरा क्लच न सुटण्याचा, तिसरा क्लच न धरण्याचा. दुसरा आणि तिसरा तर एकमेकांच्या अगदी उलट आहेत. प्रस्तुत लेखात मुख्यतः दुसऱ्या आजाराचा, म्हणजे चिकटलेल्या क्लचचा विचार करावयाचा आहे. तोही जुन्या चेनच्या ट्रॅक्टरपुरता. अशा ट्रॅक्टरला पुढे पाते लावले की आपण त्याला डोझर म्हणतो.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला या विषयाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. परिव्ययाच्या पुस्तकात आपण घसाऱ्याची कारणे शिकतो : वापरामुळे होणारी झीज, काळाचा परिणाम आणि यंत्र कालबाह्य होणे. त्यांतले पहिले कारण आपण सर्वांत मोठे मानतो. चेनच्या ट्रॅक्टरचा क्लच या समजाला चांगलाच धक्का देतो. तो कामाने जितका बिघडतो, त्याहून अधिक उभा राहिल्याने बिघडतो. हे एकदा ध्यानात आले की निदानही सोपे होते आणि हिशेबही.

आदिलाबाद जिल्ह्यातील बाजारहत्नूर हा भाग काळ्या जमिनीचा आणि कापसाचा. १९५६ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद राज्यात होता, पुढे आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. शेतातली मराठी मात्र किनवट-नांदेडकडच्या मराठीला जवळची राहिली. जिल्ह्यात वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. काळी जमीन पाणी पिऊन फुगते व चिकट होते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. म्हणून सपाटीकरण, बांधबंदिस्ती, शेततळ्याची खोदाई किंवा कुंदा-हरळी उपटणारी खोल नांगरट ही सारी कामे कापसाच्या पऱ्हाट्या निघाल्यानंतर आणि मृगाच्या आधी उरकावी लागतात. ७ जूनच्या सुमारास मृग लागते. म्हणजे हाताशी पुरते तीन महिनेही नसतात. या दिवसांत यंत्र आठ दिवस अडले, तर ते आठ दिवस वर्षभरात पुन्हा मिळत नाहीत.

चेन कशासाठी, हे एका लहानशा गणितावरून समजते. समजा, यंत्राचे वजन १० टन आहे. प्रत्येक चेनची रुंदी ४५ सेंटीमीटर आणि जमिनीला टेकलेली लांबी २२० सेंटीमीटर. दोन्ही चेन मिळून १९,८०० चौरस सेंटीमीटर जागा झाली. तेव्हा दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे अर्धा किलो भार पडतो. साठ किलो वजनाचा माणूस चालताना एका पायावर येतो, तेव्हा त्याच्या पावलाखाली जवळजवळ एवढाच भार असतो. दहा टनांचे धूड माणसाच्या पावलाइतके हलके पडते, हीच चेनची किमया. कॅलिफोर्नियात स्टॉक्टनजवळच्या दलदलीच्या जमिनीत वाफेचे ट्रॅक्टर रुतत, म्हणून बेंजामिन होल्ट यांनी १९०४ मध्ये मागची चाके काढून तेथे लाकडी फळ्यांचे पट्टे बसवून पाहिले. पुढे १९२५ मध्ये होल्ट आणि बेस्ट या दोन कंपन्या एकत्र येऊन कॅटरपिलर कंपनी झाली.

आपल्या देशात ही यंत्रे मोठ्या प्रमाणावर आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. अमेरिकन लष्कराने मागे ठेवलेले ट्रॅक्टर घेऊन १९४७ मध्ये केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी राहिली आणि तिने मध्य भारत, भोपाळ या भागांतील कांस गवताने व्यापलेल्या जमिनी नांगरून काढल्या. याच कामाच्या यंत्रांसाठी १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला एक कोटी डॉलरचे कर्ज दिले. १९५६ मध्ये राजस्थानात सुरतगड येथे सोव्हिएत रशियाने भेट दिलेल्या यंत्रांवर मोठे सरकारी शेत सुरू झाले. १९६४ मध्ये बेंगळुरूस भारत अर्थ मूव्हर्स ही कंपनी स्थापन झाली आणि कोलार गोल्ड फील्ड्सच्या कारखान्यातून देशी डोझर बाहेर पडू लागले. आमच्या कानडी विभागातील मित्रांना हे नाव परके नाही. गावोगाव आज दिसणारी जुनी यंत्रे कोठून कोठून फिरत आलेली असतात. कोणी लिलावात घेतलेली, कोणी ठेकेदाराकडून तिसऱ्या-चौथ्या हाताने आलेली. मूळ पुस्तिका बहुधा हरवलेली असते. उत्खनन यंत्रांनी आता यांचे बरेच काम घेतले आहे, पण मोठे रान एका पातळीत आणायचे असेल तर अजून डोझरलाच बोलावतात.

आता यंत्राच्या आत जाऊ. चाकाच्या ट्रॅक्टरला पुढची चाके वळवून दिशा देता येते. चेनच्या ट्रॅक्टरला तशी सोय नाही. इंजिनाची शक्ती मुख्य क्लचमधून गिअरपेटीत जाते, तेथून मागच्या आडव्या दांडीवर येते, आणि त्या दांडीच्या डाव्या-उजव्या टोकांना एकेक क्लच असतो. त्यांना स्टिअरिंग क्लच म्हणतात. त्यांच्यापुढे गिअर आणि दात्यांचे मोठे चाक, व त्यावर चेन. डावीकडे वळायचे तर डावा दांडा ओढावयाचा, म्हणजे डाव्या चेनची शक्ती तुटते, उजवी चेन चालत राहते आणि यंत्र डावीकडे वळते. कडक वळण हवे असेल तर त्याच बाजूचा ब्रेक दाबायचा. तेव्हा एका यंत्रात मुख्य क्लच एक आणि स्टिअरिंग क्लच दोन, असे तीन क्लच झाले. "क्लच गेला" म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारायला हवा की, तिघांपैकी कोणता?

स्टिअरिंग क्लचमध्ये पातळ गोल प्लेटींची चळत असते. एक प्लेट साध्या पोलादाची, तिच्यावर दुसरी घर्षणाचे अस्तर लावलेली, पुन्हा एक पोलादाची, अशा एकाआड एक. एका जातीच्या प्लेटी आतल्या ड्रमच्या दात्यांत अडकलेल्या, दुसऱ्या जातीच्या बाहेरच्या ड्रमच्या दात्यांत. जोरदार स्प्रिंगा ही सगळी चळत दाबून धरतात, म्हणून दोन्ही ड्रम एकत्र फिरतात. दांडा ओढला की स्प्रिंगांचा दाब उठतो, प्लेटी केसभर सुट्या होतात आणि बाहेरचा ड्रम मोकळा होतो. बाहेरच्या ड्रमवरच ब्रेकची पट्टी असते. जुन्या यंत्रांत हे क्लच कोरडे चालतात, म्हणजे त्यांच्या खोलीत तेल नसते. काही पुढच्या बनावटीच्या यंत्रांत ते तेलात चालतात, त्यांचा विचार वेगळा. कोरड्या क्लचच्या प्लेटी स्प्रिंगांच्या दाबाखाली एकमेकींवर घट्ट बसलेल्या, वर पावसाळी हवा, आणि यंत्र चार महिने जागेवर उभे. पोलाद गंजते आणि तो गंज अस्तराला धरतो. त्यानंतर दांडा ओढला, स्प्रिंगांचा दाब उठला, तरी प्लेटी सुटत नाहीत. आपण ज्याला चिकटणे म्हणतो ते हेच.

याचे निदान बाहेरून आत करीत जावे, आणि आत जाण्याची घाई करू नये. प्रथम दांडा. तो हलतच नसेल किंवा फार जड असेल, तर दोष बहुतेक सांध्यांचा असतो. पिना गंजलेल्या, ग्रीस आटलेले, किंवा प्लेटींचा दाब उठवणारी बेअरिंग कोरडी पडलेली. काही यंत्रांत दांड्याला तेलाच्या दाबाची मदत असते. तेथे इंजिन बंद असताना दांडा जड आणि इंजिन चालू असताना हलका लागला पाहिजे. चालू इंजिनावरही जड लागत असेल तर तेलाची पातळी व जाळी पाहावी. उलट दांडा हाताला काहीच न लागता सैल पडत असेल, तर मधली एखादी पिन निसटली किंवा सळई तुटली आहे. आत क्लच बिचारा ठणठणीत असतो, त्याच्यापर्यंत निरोपच पोचत नाही. दांड्याला थोडी मोकळी चालही असावी लागते. ती अजिबात नसेल तर प्लेटी पुऱ्या दाबल्या जात नाहीत आणि क्लच घसरतो. फार असेल तर दांडा शेवटपर्यंत ओढूनही प्लेटी पुऱ्या सुटत नाहीत. किती चाल ठेवावी हे यंत्रागणिक निराळे असते आणि पुस्तिकेवरूनच ठरवावे.

दांडा नीट आहे असे दिसल्यावर यंत्र सपाट, मोकळ्या रानात घ्यावे आणि पहिल्या गिअरमध्ये हळू चालवावे. उजवा दांडा पूर्ण ओढावा. यंत्र वळले नाही, तर दांडा तसाच धरून उजवा ब्रेक दाबावा. आता जे घडेल त्यातच उत्तर आहे. ब्रेक दाबताच इंजिन दबले, कण्हू लागले आणि यंत्र तरीही सरळच चालत राहिले, तर उजवा क्लच सुटलेला नाही. कारण मागची दांडी एकच असल्यामुळे एका चेनचा ब्रेक दोन्ही चेनना व इंजिनाला जाऊन भिडतो. याउलट इंजिनावर काहीच भार आला नाही आणि चेनही थांबली नाही, तर क्लच सुटला आहे, ब्रेक सैल आहे. ही चाचणी दोन मिनिटांची आहे, तिला एकही पाना लागत नाही. पण ती न करता यंत्र उघडून बसलेले लोक पुष्कळ.

तिसरी गोष्ट इतिहासाची. डॉक्टर जसा "केव्हापासून?" असे विचारतो तसेच येथे विचारावे. काल सुरळीत चालणारे यंत्र उभे राहिल्यानंतर एकदम अडले, तर गंज समजावा. आजार हळूहळू वाढत गेला, वळण आधी जड झाले आणि मग बंद झाले, तर झीज समजावी. ड्रमच्या दात्यांवर प्लेटींनी खाचा पाडलेल्या असतात आणि प्लेटी त्या खाचांत अडकतात, किंवा एखादी प्लेट तापून वाकडी झालेली असते. सकाळी गार असता चिकटते आणि तासाभराने सुटते अशी तक्रार असेल, तर सील गळून तेल आत येते आहे आणि धुळीबरोबर त्याचा चिकटा झाला आहे. याची खातरजमा करण्यासाठी क्लचच्या खोलीच्या तळाशी एक भोक असते. काही यंत्रांत त्याला बूच असते. ते उघडून खाली पांढरे फडके धरावे. तांबूस पाणी आले तर गंज, काळे घट्ट तेल आले तर गळके सील, आणि काहीच आले नाही तर आधी भोकात तार घालून ते चिखलाने बुजलेले नाही ना, हे पाहावे. हिशेब तपासनीसाला पावती जशी, तसे मिस्त्रीला हे फडके.

बाजारहत्नूरच्या एका शेतकऱ्याकडील जुन्या डोझरची दुरुस्ती मला जवळून पाहता आली. यंत्र एक पूर्ण पावसाळा व पुढचा हिवाळा निंबाखाली उघड्यावर उभे होते. चैत्रात बांधाचे काम घेतले, इंजिन व्यवस्थित सुरू झाले, पण यंत्र कोणत्याच बाजूला वळेना. मालकांनी मिस्त्रीला निरोप धाडला, "उस्ताद, दोन्ही क्लच गेले, नवीन प्लेटी घेऊनच या." उस्ताद प्लेटी न घेता आले. त्यांनी पाना बाजूला ठेवला आणि विचारले, "मालक, पहिले सांगा, उभं किती दिवस होतं?"

"आखाडापासून उभंच आहे."

"मंग प्लेटी कशाला? अगोदर खालचं भोक दाखवा."

दोन्ही भोके चिखलाने बंद होती. तार घातली तेव्हा डावीकडून पेलाभर गंजाचे पाणी आले, उजवीकडून त्याहून थोडे आणि त्यावर तेलाचा तवंग. येथेच उस्तादांनी सांगून टाकले की डावा क्लच बाहेरूनच सुटेल, उजव्याचे काही सांगता येत नाही.

सोडवण्याची रीत अशी. इंजिन अर्धा तास चालवून यंत्र गरम होऊ द्यायचे. मग पहिला गिअर, अडलेल्या बाजूचा दांडा पूर्ण मागे ओढून धरायचा आणि त्याच बाजूचा ब्रेक थोडा वेळ दाबून सोडायचा. असे काही वेळा पुढे जाताना, काही वेळा मागे येताना. दर वेळी गंजलेल्या जोडावर उलटसुलट हिसका बसतो. एवढ्याने न सुटल्यास पाते मातीच्या ढिगाला लावून, दांडा ओढलेलाच ठेवून यंत्राला ढकलायला लावायचे, म्हणजे चेनवरचा सगळा भार त्या चिकटलेल्या प्लेटींवर येतो. ब्रेक सलग दाबून ठेवायचा नाही, पट्टी जळते. मधूनमधून गार होऊ द्यायचे. आणि दहाबारा प्रयत्नांत सुटला नाही तर थांबायचे. ही शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हट्टाने हिसके देत राहिले तर गिअरचे दात तुटतात, आणि प्लेटींच्या कितीतरी पट खर्च अंगावर येतो.

डावा क्लच सातव्या प्रयत्नाला सुटला. आतून काहीतरी फाटल्यासारखा आवाज आला आणि यंत्र जागच्या जागी डावीकडे गर्रकन फिरले. प्रयत्नाला लागण्यापूर्वी उस्तादांनी सर्वांना बांधापलीकडे उभे केले होते, त्याचे कारण तेव्हा कळले. पोरे तर यंत्राच्या अगदी जवळ येऊ पाहत होती. सुटण्याचा क्षण अगोदर कळत नाही, आणि ब्रेक दाबलेलाच असल्यामुळे वळण फार जोराचे असते. दहा टनांच्या यंत्राच्या बाजूला त्या वेळी कोणी उभे असेल तर त्याला पळायलाही अवधी मिळणार नाही.

यावरून उताराचा मुद्दा निघतो, आणि तो चेनचे यंत्र चालविणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घेण्यासारखा आहे. सपाटीवर इंजिन चेनना ओढते, म्हणून डावा क्लच सोडला की डावी चेन मागे पडते व यंत्र डावीकडे वळते. तीव्र उतारावर उलट घडते. तेथे यंत्राचे वजनच त्याला खाली लोटत असते आणि इंजिन त्याला रोखून धरते. अशा वेळी ब्रेक न लावता डावा क्लच सोडला, तर डाव्या चेनवरचा रोध सुटतो, ती पुढे धावते आणि यंत्र उजवीकडे वळते. डावा दांडा ओढावा आणि यंत्र उजवीकडे जावे, हे नवख्याला कळेपर्यंत यंत्र बांधावरून खाली गेलेले असते. जुने चालक हे हाताने जाणतात, उतारावर दांड्याबरोबर ब्रेकही लावतात. पण अर्धवट चिकटलेला क्लच असेल तर जुना चालकही फसतो, कारण तो क्लच केव्हा सुटेल आणि केव्हा धरून राहील याचा नेम नसतो. म्हणून क्लच सोडविण्याचे प्रयोग उतारावर, तळ्याच्या भरावावर किंवा नाल्याच्या काठी कधीही करू नयेत, आणि निदान पुरे होईपर्यंत यंत्र अशा कामावर पाठवू नये, मग मृग उद्यावर आलेले का असेना.

उजव्या क्लचने बारा प्रयत्नांनंतरही दाद दिली नाही. तेव्हा कोणीतरी सुचवले की आत रॉकेल ओतू. हा उपाय जुना आहे. कोरड्या क्लचमध्ये तेल शिरले असता आत रॉकेल घालून, यंत्र थोडे फिरवून, ते काढून टाकण्याची पद्धत पूर्वी सर्रास होती, आणि चिकटा असेल तर तिचा गुणही येतो. तथापि गंजावर ती फारशी चालत नाही. शिवाय त्याच खोलीत ब्रेकची पट्टी असल्याने तीही भिजते, म्हणजे यंत्र वळेल पण थांबणार नाही. तापलेल्या ड्रमवर रॉकेलची वाफ म्हणजे आगीला आमंत्रण. पेट्रोलचा तर विचारही करू नये. करायचेच असेल तर यंत्र पूर्ण गार असताना, तळाचे भोक उघडून सगळे रॉकेल निथळू देऊन, आणि ब्रेक पुन्हा धरतो याची खात्री होईपर्यंत सपाटीवरच चालवून. तेलात चालणाऱ्या क्लचमध्ये ते घालण्याचा प्रश्नच नाही. उस्तादांनी रॉकेल घेतले नाही, क्लच उघडला.

उघडल्यावर उत्तर मिळाले. गंज होताच, पण दोन अस्तरी प्लेटींचे दाते झिजून ड्रमच्या खाचांत रुतले होते, आणि सील गळत होते. म्हणजे उजव्या बाजूला उभे राहण्याचा आणि झिजेचा असे दोन आजार एकत्र होते. बाहेरच्या हिसक्यांनी तो कधीच नीट सुटला नसता. प्लेटी काचेवर ठेवून वाकल्या आहेत का ते पाहिले, पोलादी प्लेटी घासून घेतल्या, ड्रमच्या दात्यांवरच्या खाचा कानशीने साफ केल्या, दोन प्लेटी व सील नवे घातले. येथे एक इशारा द्यावासा वाटतो. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असते. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर वर्षानुवर्षांनी असाध्य रोग होतात. आपल्याकडे ती धूळ हवेच्या नळीने फुंकून उडवतात. तसे न करता ओल्या फडक्याने पुसून घ्यावी आणि ते फडके पुरून टाकावे.

मुख्य क्लचबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याची परीक्षा सोपी आहे. मुख्य क्लच सोडूनही गिअर पडताना करकरत असेल, तर क्लच सोडून काही क्षण थांबावे आणि मग गिअर टाकावा. थांबल्यावर गिअर सहज पडत असेल तर गिअरपेटीत जाणारी दांडी थांबवणारा छोटा ब्रेक झिजला आहे. कितीही थांबले तरी करकर जात नसेल तर प्लेट चिकटली आहे, किंवा फ्लायव्हीलच्या मध्यातली बेअरिंग धरून दांडीला फिरवते आहे. या दोहोंतला फरक बाहेरून सांगणे अवघड, तेथे उघडावेच लागते. गिअर टाकलेल्या अवस्थेत इंजिन सुरू करून हिसक्याने प्लेट सोडविण्याची युक्ती काही लोक सांगतात. त्यात यंत्र इंजिनाबरोबरच चालू लागते, आणि पुढे भिंत असो वा माणूस, क्लचने ते थांबत नाही. मला ही युक्ती पसंत नाही.

आता हिशेब. दर वर्षी १५ टक्के दराने घटत्या शिल्लक पद्धतीने घसारा काढला, तर १ लाख रुपयांचे यंत्र २० वर्षांनी पुस्तकात ३,८७६ रुपयांचे उरते. पुस्तकात ते भंगार झाले. पण शेतात तेच यंत्र तीन महिने मालकाचे घर चालवते. समजा, भाड्याचा दर तासाला १,५०० रुपये आहे आणि डिझेल, तेल, चालक असा बदलता खर्च तासाला ९०० रुपये. म्हणजे तासाला ६०० रुपये अंशदान. दिवसाचे आठ तास धरले तर ४,८०० रुपये. सुटे भाग हैदराबादहून येईपर्यंत यंत्र दहा दिवस उभे राहिले तर ४८,००० रुपये बुडाले, प्लेटींची किंमत व मजुरी वेगळी. आता दुसरी बाजू. जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांत दर पंधरवड्याला अर्धा तास यंत्र चालवून दोन्ही दांडे वीसपंचवीस वेळा ओढले, तर आठ खेपा होतात. खेपेला चार लिटर डिझेल धरले तर ३२ लिटर. लिटरला १०० रुपये धरून ३,२०० रुपये. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, प्रत्येकाने आपल्या यंत्राचे घालून पाहावेत. पण प्रमाण फारसे बदलणार नाही. गंमत अशी की हे ३,२०० रुपये खर्च करताना मालकाच्या जिवावर येते, कारण त्या दिवशी यंत्र काहीच कमावत नसते. आणि ४८,००० रुपये कोणत्याच वहीत लिहिले जात नाहीत, कारण ते हातून गेलेले नसतात, फक्त आलेले नसतात.

पावसाळ्यापूर्वी यंत्र उभे करताना आणखी चार कामे आहेत. ते मातीवर उभे न करता फळ्यांवर किंवा फरशीवर उभे करावे आणि वर पत्रा नसेल तर निदान मागच्या भागावर ताडपत्री बांधावी, पण खालून वारा खेळता ठेवावा. तळाची भोके तार घालून मोकळी करावीत. ज्या यंत्रांत दांडा केवळ सांध्यांनी जोडलेला आहे, तेथे दोन्ही दांडे मागे ओढून दोरीने बांधून ठेवावेत, म्हणजे प्लेटींवर दाब राहत नाही आणि गंज आला तरी तो त्यांना एकमेकींशी जोडत नाही. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या दांड्यांना ही दोरी उपयोगी नाही, इंजिन बंद होताच तो दाब जातो. तेथे पंधरवड्याची फेरीच हवी. आणि दांडे बांधले असतील तर तसे खडूने पात्यावर मोठ्या अक्षरांत लिहावे, कारण दिवाळीनंतर यंत्र सुरू करणारा माणूस बहुधा दुसराच असतो.